नकुसा : एका नावाचा अर्थ आणि इतिहास

 

आज आपण एका नावाबद्दल बोलणार आहोत. हे नाव पुराणात सापडत नाही, पंचांग बघून ते ठेवत नाहीत, कुणी देवीचं म्हणूनही ठेवत नाही. तरीही पश्चिम महाराष्ट्राच्या गावागावांत हे नाव घेऊन बायका जगल्या, नांदल्या, म्हाताऱ्या झाल्या. ते नाव म्हणजे नकुसा. कुठं नकुशी म्हणतात, कुठं नकोशी.

आधी शब्दाचा अर्थ बघू. मराठीत 'नको' हा अगदी रोजचा शब्द. तो इतका पक्का मराठी आहे, की दख्खनी बोलणाऱ्या मुसलमान घरांतही 'नक्को' म्हणून गेला आणि हैदराबादपर्यंत पोचला. या 'नको'ला 'सा' लागला की 'नकोसा' होतो, जसं 'हवा'ला लागून 'हवासा' होतो. हवासा म्हणजे पाहिजे वाटणारा, नकोसा म्हणजे नको वाटणारा. बाईमाणसासाठी म्हणायचं तर हवीशी आणि नकोशी. उन्हाळ्यात दुपार नकोशी होते, आजारपणात जेवण नकोसं होतं, असं आपण बोलतोच. तोच शब्द बोलताना घासून नकुशी झाला, नकुसा झाला, आणि एके दिवशी पाळण्यातल्या पोरीचं नाव झाला.

म्हणजे हाक मारली की अर्थ सांगितला. "नकुसा, पाणी आण." "नकुसा, इकडं ये." ज्या पोरीला बोलवायचं तिलाच त्या हाकेत सांगायचं, की तू आम्हाला नको होतीस.

आता तुमच्यातली एखादी आजी म्हणेल, "अगं, पूर्वी असलीच नावं ठेवायचे. पोरांनाही ठेवायचे." आजीचं म्हणणं खरं आहे आणि ते नीट समजून घेतलं पाहिजे. धोंडू, दगडू, भिकू, केरू ही नावं आपण ऐकलेली आहेत. धोंडू म्हणजे दगड, केरू म्हणजे केर, भिकू म्हणजे भीक मागून मिळालेला. मोठमोठ्या माणसांची अशी नावं होती. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवणारे महर्षी कर्वे हे धोंडो केशव. गणिताचे नामांकित पंडित केरूनाना छत्रे यांच्या नावात केर आहे. पुण्याच्या प्रसिद्ध गणपतीशी ज्यांचं नाव जोडलं गेलं, ते हलवाई दगडूशेठ.

अशी नावं का ठेवत? तेव्हा लहान मुलं फार दगावत. देवी, पटकी, ताप, घटसर्प असं काही ना काही यायचं आणि पाळणा रिकामा व्हायचा. दोन-तीन लेकरं गेल्यावर झालेलं मूल तरी जगावं, त्याला दृष्ट लागू नये, मृत्यूचं त्याच्याकडं लक्ष जाऊ नये, म्हणून त्याला मुद्दाम वंगाळ नाव द्यायचं. घरच्यांचा डाव असा, की हा नुसता धोंडा आहे, केर आहे, याला नेऊन काय मिळणार, असं काळाला वाटावं. मुलींचीही अशी नावं असत. धोंडाबाई, दगडाबाई, भिकाबाई. काही पोरी अशाच मायेपोटी धोंडाबाई झाल्या असतील. वरून वंगाळ दिसणाऱ्या या नावांच्या आत माया होती. लेकरू राहावं, एवढ्यासाठी ते नाव होतं.

नकुसाचं तसं नाही, बायांनो. तिचं नाव काळाला फसवायला ठेवलेलं नव्हतं. एकीमागून एक मुली झाल्या, तिसरी झाली, चौथी झाली, की घरात म्हणायचे, हिचं नाव नकुसा ठेवा म्हणजे आता मुली होणं थांबेल आणि पुढचा मुलगा होईल. धोंडूच्या नावात 'हा राहू दे' अशी विनवणी होती. नकुसाच्या नावात 'आता पुरे' असा निरोप होता, आणि तो निरोप पोचवायचं काम त्या तान्ह्या पोरीच्या नावावर टाकलेलं होतं. तिचं नाव तिच्यासाठी नव्हतंच. न जन्मलेल्या भावासाठी होतं.

असं फक्त आपल्याकडंच झालं असं समजू नका. तमिळनाडूत काही गावांमध्ये मुलींचं नाव 'वेंडाम' ठेवलेलं आढळतं. तमिळमध्ये वेंडाम म्हणजे नको. हरियाणात 'भतेरी' नावाच्या बायका भेटतात, म्हणजे 'पुष्कळ झालं'. राजस्थानात 'धापू' असतात, म्हणजे पोट भरलं, आता पुरे. चीनमध्ये मुलीला 'झाओदी' म्हणत, म्हणजे 'धाकट्या भावाला बोलावून आण'. जपानमध्ये जुन्या काळी 'तोमे' नावाच्या बायका होत्या, म्हणजे 'थांब'. भाषा वेगळ्या, देव वेगळे, जेवणखाण वेगळं, पण पाळण्याजवळचं बोलणं एकच. जिथं जमीन मुलाच्या नावावर जाते, म्हातारपण मुलाच्या घरी काढायचं असतं, अग्नी मुलानं द्यायचा असतो आणि मुलीला देऊन टाकायचं असतं, तिथं अशी नावं तयार होतात. एकट्या आईबापाच्या दुष्टपणातून ती येत नाहीत. नकुसाच्या आईलाही त्या घरात टिकून राहायचं होतं. किती मुली झाल्या याचा हिशेब तिच्याकडंच मागितला जात होता. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावरून ठरतं, हे आता दवाखान्यात सांगतात. तेव्हा ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग आपल्या मातीत बायकांची नावं पहिल्यापासून अशीच होती का? नव्हती. त्यासाठी आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या बाजूला जाऊ. तिथं नाणेघाट आहे. देशावरून कोकणात उतरायची ही जुनी वाट. घाटाच्या तोंडाशी एक कोरलेली गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीची. सातवाहन घराण्यातल्या नागनिका राणीचा तो लेख आहे. यज्ञ किती केले, दान किती दिलं, गाई किती, हत्ती-घोडे किती, याचा तिथं हिशेब कोरला आहे. गटाच्या वहीत आपण जमा-खर्च लिहितो ना, तसाच, फक्त दगडात. आणि तो आहे एका बाईच्या नावानं.

तिथून नाशिकला जाऊ. तिथल्या लेण्यांमध्ये आणखी एक मोठा लेख आहे, तोही बाईचा. तिचं नाव गौतमी बलश्री. मुलगा वारल्यानंतर, नातू गादीवर असताना तिनं लेणं दान दिलं आणि मुलाचा पराक्रम दगडात लिहून ठेवला. तो मुलगा म्हणजे सातवाहनांचा सर्वांत नावाजलेला राजा. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव वाचलेलं असेल, गौतमीपुत्र सातकर्णी. गौतमीचा पुत्र! एवढा मोठा राजा, पण त्याच्या नावात पहिल्यांदा आई येते. त्याच्या मुलाचं नाव वासिष्ठीपुत्र पुळुमावी, तिथंही आईच पुढं.

अभ्यासक सांगतात, की गौतमी, वासिष्ठी ही नावं त्या राण्यांच्या माहेरच्या गोत्रावरून आली आहेत. म्हणजे राजाच्या घरी नांदायला गेली तरी तिच्या माहेरची खूण पुसली गेली नाही, उलट ती मुलाच्या नावाच्या पुढं लागली. आणि बलश्री हे तिचं स्वतःचं नाव. बल म्हणजे ताकद, श्री म्हणजे वैभव. कुड्याच्या आणि कार्ल्याच्या लेण्यांत तर राणी नसलेल्या बायकांचीही नावं दान देणाऱ्यांमध्ये कोरलेली आहेत. त्या काळात बायकांना सगळं सुख होतं असं आम्ही म्हणत नाही. तेव्हाही राज्य पुरुषांचंच होतं. पण बाईचं नाव लिहिण्यासारखं असतं, ते दगडात कोरण्याइतकं मोलाचं असतं, हे या मातीला माहीत होतं, एवढं नक्की.

पुढच्या काळात आपल्या आज्यांची नावं नद्यांवरून आली. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा. आपली भीमा तर शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांची नदी. तिचंही नाव बायकांनी घेतलं. भीमा म्हणजे प्रचंड, धाक वाटावा अशी. बाबासाहेब आंबेडकरांच्या आईचं नाव भीमाबाई. यशवंतराव होळकरांची लेक भीमाबाई 1817 साली महिदपूरच्या लढाईत इंग्रजांशी लढली. आणि हीच भीमा पंढरपुराला पोचली की चंद्रभागा होते, म्हणून चंद्रभागाबाई हे नावही एका अर्थी आपल्याच नदीचं. पंढरपूर मागं पडलं की ती पुन्हा भीमा. नदीला दोन नावं चालतात, कारण नदीला सातबारा नसतो, बँकेचं खातं नसतं. बाईला मात्र दोन नावं असली की काय होतं, ते आता सांगतो.

नद्यांची ही सुंदर नावं पाळण्यात ठेवली खरी, पण त्यातली कितीतरी लग्नाच्या दिवशी पुसली गेली. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं आणि तिथून पुढं ती नव्या नावाची. काही समाजांत ही रीत पक्की होती, काहींमध्ये पाहून पाहून आली. इतिहासातल्या तीन बायका बघा. कल्याणला 1865 साली एक मुलगी जन्मली, तिचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोश्यांशी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. तीच अमेरिकेत जाऊन 1886 साली डॉक्टर झालेली आनंदीबाई जोशी. दुसरी सांगलीकडच्या देवराष्ट्र्याची, तिचंही माहेरचं नाव यमुना. न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झाल्यावर ती रमाबाई झाली. पुण्यात सेवासदनाचं काम उभं करणाऱ्या त्या रमाबाई रानडे. तिसरी तापी. लोकमान्य टिळकांशी लग्न झाल्यावर ती सत्यभामा झाली. दोन यमुना आणि एक तापी, तिन्ही नद्या लग्नमांडवात आटल्या.

आनंदी, रमा, सत्यभामा ही नावं वाईट नाहीत. प्रेमानंही ठेवली असतील. पण नकुसाचं नाव आणि ही बदललेली नावं यांच्यात एक धागा सारखा आहे. दोन्हीकडं बाईचं नाव हे दुसऱ्या कुणाच्या सोयीचं होतं. एकीचं नाव होणाऱ्या भावासाठी, दुसरीचं सासरच्या घरासाठी. "तुला काय म्हणून हाक मारू?" असं तिला कुणी विचारलं नाही.

आता जवळच्या काळात येऊ. 1970-80 नंतर नकुसा नाव ठेवायची गरजच कमी झाली. पोरी हव्याशा झाल्या म्हणून नव्हे, तर पोट तपासणारी यंत्रं आली म्हणून. जे पूर्वी नावानं सांगायचे ते आता यंत्राला विचारून आधीच करता येऊ लागलं. नकुसा निदान जन्मली, जगली, लेकुरवाळी झाली. तिच्या नातीला जन्मच मिळेना. हे थांबावं म्हणून चळवळीतल्या बायकांनी आणि डॉक्टरांनी आवाज उठवला आणि 1988 साली महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. देशातला तो पहिला. 1994 साली देशाचा कायदा आला. तरीही जनगणनेचे आकडे ऐका. 0 ते 6 वर्षांच्या 1000 मुलांमागं महाराष्ट्रात 1991 साली 946 मुली होत्या. 2001 साली 913 झाल्या. 2011 साली 894. वीस वर्षांत हजारामागं 52 मुली कमी. नाव बदललं, रीत बदलली, 'नको' मात्र तसाच राहिला.

त्याच 2011 साली शेजारच्या सातारा जिल्ह्यात एक वेगळं काम झालं. जिल्ह्यात नकुसा, नकोशी नावाच्या किती मुली आहेत हे शोधून काढलं गेलं. मग 22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात कार्यक्रम घेऊन 285 मुलींना नवी नावं देण्यात आली. मुली चांगले कपडे घालून, केस विंचरून आल्या होत्या. प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र मिळालं. कुणी नटीचं नाव घेतलं, कुणी देवीचं, कुणी अर्थ आवडला म्हणून घेतलं. ही बातमी परदेशातल्या वर्तमानपत्रांतही छापून आली. त्यातल्या काहींनी नकुसा हा शब्द हिंदी असल्याचं लिहिलं. नाही बायांनो, शब्द आपलाच आहे. त्याचा हिशेबही आपणच द्यायचा आहे.

त्या दिवसाचं मोल टाळ्यांपेक्षा कागदात होतं. गल्लीत कुणी काहीही म्हणो, शाळेच्या हजेरीत आता नवं नाव पुकारलं जाणार होतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर, पुढं नोकरीच्या अर्जावर 'नको' हा शब्द असणार नव्हता. नाव तोंडी बदललं तर अर्धंच बदलतं. कागदावर बदललं की पुरं बदलतं.

कागदावरच्या नावाची किंमत काय असते, हे सांगायला एक लांबची गोष्ट सांगतो. युरोपच्या वायव्येला, समुद्रात आइसलँड नावाचा देश आहे. बर्फाचा आणि ज्वालामुखींचा. माणसं एवढी थोडी, की सगळा देश मिळून आपल्या पुणे शहरातल्या एका कोपऱ्यात मावेल. तिथली एक रीत ऐकून तुम्हाला गौतमीपुत्र आठवेल. तिथं बहुतेकांना आडनाव नसतं. मुलगी असेल तर बापाच्या किंवा आईच्या नावापुढं 'दोत्तिर' लावतात, म्हणजे 'ची लेक'. लग्न झालं तरी ती त्याच नावानं राहते, कारण लग्नानं ती कुणाची लेक होती हे काही बदलत नाही. फोनच्या यादीतही माणसं त्यांच्या स्वतःच्या नावानं लावलेली असतात.

पण तिथंही एक अडचण होती. मुलांसाठी कोणती नावं आणि मुलींसाठी कोणती हे कायद्यानं ठरलेलं होतं आणि नावांवर लक्ष ठेवायला सरकारी समिती होती. एका आईनं आपल्या लेकीचं नाव ब्लाइर ठेवलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वाऱ्याची मंद झुळूक. किती गोड नाव! पण अधिकाऱ्यांनी सांगितलं, की हा शब्द व्याकरणात पुल्लिंगी आहे, मुलीला चालणार नाही. मग सरकारी कागदावर त्या पोरीच्या नावाच्या जागी काय लिहिलं? 'मुलगी'. त्यांच्या भाषेत 'स्तुल्का'. घरात ती झुळूक, शाळेत झुळूक, मैत्रिणींत झुळूक, पण सरकारच्या वहीत पंधराव्या वर्षापर्यंत नुसती 'मुलगी'. शेवटी मायलेकी कोर्टात गेल्या. त्यांच्या देशाच्या हाल्दोर लाक्सनेस या नोबेल मिळालेल्या लेखकाच्या कादंबरीत ब्लाइर नावाची बाई आहे, हेही त्या वेळी बोललं गेलं. 31 जानेवारी 2013 रोजी कोर्टानं निकाल दिला, की हे नाव तिचंच आहे आणि तेच राहील. पुढं 2019 साली तिथं कायदाच बदलला आणि नावातला मुलगा-मुलगी हा भेद काढून टाकला.

आपली नकुसा आणि त्यांची झुळूक यांचं दुःख सारखं नाही. एकीला घरानं नको म्हटलं, दुसरीला घरानं जीव लावला पण कागदानं नाकारलं. तरी दोघींना एकच गोष्ट हवी होती. आपल्याला आवडेल असं, आपलं वाटेल असं नाव, आणि ते सरकारच्या वहीत.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध रोजचा आहे. गटाची नोंदवही भरताना आम्ही बघतो. एकेका बाईची तीन-तीन नावं निघतात. पाळण्यातलं एक, सासरचं एक, आणि गावानं पाडलेलं एक. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकात तिसरंच. गटाचं कर्ज मंजूर होतं आणि पैसे खात्यात येताना अडतात. सरकारी योजनेचा हप्ता येतो आणि नाव जुळत नाही म्हणून परत जातो. सर्वांत जास्त अडतं ते वारस नोंदीला. महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली कायदा झाला, की वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा लेकासारखाच हक्क आहे. पण हक्क मागायला गेलेल्या बाईला आधी सिद्ध करावं लागतं, की दाखल्यावरची ती मुलगी आणि आधारवरची ही बाई एकच आहे. नाव बदलताना कुणी विचारत नाही, पुरावा मात्र तिच्याकडंच मागतात.

म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. बदलायचं तर आपल्या मनानं बदला, नाहीतर आहे तेच ठेवा. बदललंत तर लग्नाची नोंद आणि दाखला जपून ठेवा, कारण माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा तोच पूल आहे. स्वतःचं नाव मुळातूनच बदलायचं असेल तर ते राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घेता येतं. आधारवरचं नाव मात्र दोनदाच बदलता येतं, म्हणून घाई करू नका. मुलीचं नाव शाळेत चुकलं असेल तर ती शाळेत शिकत असतानाच दुरुस्त करा, शाळा सोडल्यावर फार जड जातं.

बाळ जन्मल्यावर नोंद करताना नाव ठरलेलं नसेल तर नावाची जागा कोरी राहते. आइसलँडच्या झुळुकेसारखी आपली लेकही मग कागदावर नुसती 'मुलगी' असते. पहिल्या वर्षात पैसे न भरता हे नाव घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरला जातो. तेव्हा बारसं झालं की पेढे वाटायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन नाव घालून या.

आणि आपल्या सगळ्यांना आनंद वाटावा अशी एक गोष्ट. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी मुलाचं किंवा मुलीचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं आहे. विवाहित बाईला मिळकतीच्या कागदावर लग्नाआधीच्या नावानं नोंद करायची मुभाही त्याच निर्णयात आहे. नाशिकच्या लेण्यात राजाच्या नावापुढं आई होती, ती दोन हजार वर्षांनी आपल्या घरातल्या दाखल्यावर परत आली. या आईच्या नावाला आता जागा मिळाली आहे, तर ते नाव खरं, पूर्ण आणि तिचं स्वतःचं असू द्या. 'बाई', 'सौभाग्यवती', 'अमक्याची आई' यावर भागवू नका.

नकुसा नावाच्या बायका आजही आपल्यात आहेत. त्यांच्या नावाला हसू नका, आणि त्यांच्या मागं लागून नाव बदलायलाही लावू नका. एखादी म्हणेल, याच नावानं मी संसार केला, याच नावावर माझं खातं आहे, आता राहू दे. तो तिचा अधिकार. एखादी म्हणेल, मला नवं पाहिजे. मग गटानं ठराव करावा, कागदपत्रांना तिच्यासोबत दोघींनी जावं, आणि नवं नाव मिळालं की त्याच नावानं हाक मारायची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. जुनं नाव जिभेवर रुळलेलं असतं. ते सोडायला गावालाच वेळ लागतो, तिला नाही.

आपल्याकडं बाळाचं नाव आत्या कानात सांगते. हा मान बाईचाच आहे. पुढच्या वेळी तुमच्या घरात मुलगी झाली, मग ती पहिली असो की चौथी, तर आत्या म्हणून, आजी म्हणून, मावशी म्हणून तुम्हीच पुढं व्हा. नावाचा अर्थ आधी स्वतःला विचारा. ही पोर मोठी झाल्यावर "माझ्या नावाचा अर्थ काय गं?" असं विचारेल तेव्हा मान वर करून सांगता येईल, असंच नाव तिच्या कानात सांगा.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. तोवर आपल्या गटाच्या नोंदवहीत प्रत्येकीचं नाव आधारप्रमाणं आहे का, एवढं एकदा बघून ठेवा. नमस्कार.